आवाज वनाआप्पांचा

वनाआप्पा गेल्याचा फोन त्यांच्या गावाहून आला, तेव्हा मी फोल्डिंग खात्यात कापडाच्या ताग्यांमध्ये उभा होतो. दुःख नंतर झालं. आधी मनात आलं ते असं, की त्या दिवशी उसाच्या फडात कोण ओरडलं होतं हे ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो. ओरडलो मी होतो. नाव आप्पांचं झालं. त्या ओरडण्यापायी रायसिंग पावराचा पाय कामातून गेला आणि आप्पांच्या खांद्यावरची बंदूक गेली. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना हात आखडणार नाही. मला मनातलं बोलायची सवय नाही. बायको म्हणते, तुमच्या तोंडाला शेठचं कुलूप आहे. असेल. पण आप्पांविषयी लिहायचं आणि हे गाळायचं, ते आता जमणार नाही.

सुरतच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे कापड रंगवायच्या मिलच्या, मोठ्या गेटवर आप्पा गनमॅन होते. फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे शहाद्याकडचे. डिंडोलीत आमच्या खालच्याच मजल्यावर राहायचे. बंदूक त्यांची स्वतःची, परवान्याची, दुनळी. तिचा दस्ता झिजून हाताच्या रंगाचा झाला होता. घरी ते अहिराणी बोलत, गेटवर फौजेतली हिंदी, आणि शेठ लोकांशी गुजराती, तीही अहिराणीच्या चालीवर. मला मिलमध्ये सगळे मास्तर म्हणत, म्हणून आप्पाही चारचौघांत मास्तर म्हणायचे. जिन्यात भेटले की मात्र, "कारे भो."

बंदूक कशी धरायची हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की हातात बंदूक नसली तरी ते तसेच वागत. पावसाळ्यात छत्री मिटली की तिचं टोक जमिनीकडे. बाजारातून दुधी भोपळा आणला तरी देठाची बाजू वर आणि दुसरं टोक खाली धरून, माणसांपासून लांब. मावशी, म्हणजे त्यांची बायको, हसून म्हणायची, "दुधीमा बी काडतूस भरेल शे का?" आप्पा म्हणायचे, "भरेल नही, हाई मी कसं सांगू? मी फोडीसन कुठे पाह्यं?"

हे त्यांचं पहिलं सूत्र. जी बंदूक तुम्ही स्वतः उघडून पाहिली नाही ती भरलेली. दुसऱ्यानं सांगितलेलं चालत नाही. स्वतःच मघाशी उघडून पाहिली असली तरी आता परत बघायची. गेटसमोरच्या टपरीवर चहाला जायचं तर आधी बाजूला, भिंतीकडे तोंड करून, बंदूक मधोमध मोडायची, काडतुसं काढून शर्टाच्या खिशात घालायची, खिशाचं बटण लावायचं. मग उघडी बंदूक कोपराच्या घडीत अडकवून कप हातात घ्यायचा. टपरीवाला चेष्टा करायचा, "काका, चाय ठंडी थई जशे, पहेलां लग्नविधि पतावो." आप्पांनी त्या विधीतला एकही मंत्र कधी गाळला नाही.

आणखी एक खोड होती. कुठेही उभं राहायचं तर ते आधी मागे वळून बघायचे. रांगेत, देवळात, लग्नाच्या पंगतीत बसतानासुद्धा. मी एकदा विचारलं, आप्पा, मागे काय बघता? "पुढे काय आहे ते सगळेच बघतात," ते म्हणाले. "बंदूकवाल्याच्या मागे कोण उभं आहे, त्याचाही हिशेब बंदूकवाल्यालाच द्यावा लागतो. तो हलला, खोकला, पळाला, तरी तुझा हात हलतो. हात तुझा ना? मग तो माणूसही तुझाच."

हे मी ऐकलं आणि विसरलो. त्यांनी जे जे सांगितलं त्यातलं बरंचसं मी असंच ऐकलं.

शेठच्या भाच्याचा प्रसंग गेटवरच्या सगळ्यांना माहीत होता, पण मी तिथे हजर होतो म्हणून लिहितो. पोरगा परदेशात शिकून आलेला. तिकडून त्यानं चाकं आणि तारा लावलेलं एक धनुष्य आणलं होतं, काळं, यंत्रासारखं. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत पोत्यांवर बाण मारायचा आणि नेम चांगला होता. एका दुपारी तो गाडी घेऊन गेटवर आला. काच खाली करून म्हणाला, "काका, रविवारे डांग साइड जवानुं छे. हरणां माटे. तमे बस साथे चालो."

आप्पा म्हणाले, "हरणाला हात लावायला मनाई आहे, भाई."

"अरे, पण हुं तो तीरथी मारीश. अवाज ज नहीं. बंदूक तो बस सेफ्टी माटे. दीपडो-बीपडो आवे तो."

बिबट्याचं नाव निघालं आणि आप्पांनी बंदूक मोडली. काडतुसं काढली. खिशाचं बटण लावलं. चहाला जाताना करायचे ते सगळं त्यांनी शांतपणे केलं आणि मग गाडीच्या खिडकीपाशी गेले. मला वाटलं, आता हो म्हणतील. शेठचा भाचा होता.

"सोबतीची बंदूक नसते, भाई," ते म्हणाले. "तू हरणामागे निघालास आणि मी तुझ्या बाजूला भरलेली बंदूक घेऊन चाललो, तर तुझा बाण माझा झाला. माझ्या भरवशावर तू जिथे जायला नको तिथे जाशील. मी नसेन तर तू घाबरशील, आणि तू घाबरलेलाच बरा."

पोरगा हसला. "काका, तमे डरो छो?"

"हो ना. म्हणून तर माझी बंदूक अजून माझ्याकडे आहे."

गाडी धूळ उडवत आत गेली. आम्हाला वाटलं, संध्याकाळपर्यंत आप्पांची नोकरी जाते. दोन दिवस गेटवर कुणी मोठ्यानं बोललं नाही. नोकरी गेली नाही, पण मोठ्या गेटवरून त्यांना कोळशाच्या मागच्या गेटवर टाकलं. तिथे दिवसभर ट्रक रिकामे होत. आप्पांच्या पांढऱ्या मिशा संध्याकाळी काळ्या दिसत. मावशी चिडवायची, जवान झालात म्हणून.

आता उसाचं.

चलथाणच्या बाजूला नटुभाई नावाचे एक शेतकरी होते, आप्पांचे जुने ओळखीचे. तोडीच्या हंगामात त्यांच्याकडे सातपुड्यातून पावरा लोकांची टोळी यायची. उसाची तोड कडेनं आत सरकत जाते. फडात दडलेली जनावरंही आत आत सरकतात आणि शेवटी मधे एक तुकडा उभा राहतो. त्या शेवटच्या तुकड्यात काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. ससा असेल, नाहीतर रानडुकरांची आख्खी बैठक असेल. एकदोनदा बिबट्याही निघाला होता. तो तुकडा तोडायला बायाबापड्या कोयते घेऊन वाकलेल्या असतात, आणि जनावर निघतं ते थेट त्यांच्या अंगावर.

म्हणून तो तुकडा तोडायच्या दिवशी टोळीतले तिरंदाज कोयता ठेवून तीरकामठा घेत आणि तुकड्याच्या एका बाजूला उभे राहत. डुकरांसाठी नटुभाई रीतसर परवानगी काढत आणि आप्पांना बोलावत. शिकार हा शब्द आप्पा कुणाला काढू देत नसत. "आपलं काम पहारानं शे," एवढंच.

बाण आणि बंदूक एका जागी आली की काय करायचं, याची रीत आप्पांनी आणि रायसिंगनं मिळून बसवली होती. रायसिंग टोळीतला पहिला तिरंदाज. किडकिडीत, अबोल, बांबूचा कामठा त्याच्या स्वतःपेक्षा उंच. दोघांचं बोलणं मी फडात गेलो त्या दिवशी ऐकलं. अर्धं पावरी, अर्धं अहिराणी, उरलेलं हातवारे.

रीत अशी होती. तिरंदाज पुढे, बंदूक मागे. बंदूक मोडलेली, काडतुसं आत पण नळी जमिनीकडे लोंबती. बाण लागलेल्या जनावरावर गोळी घालायची नाही, ते बाणवाल्याचं. पळून जाणाऱ्यावर तर नाहीच नाही. जनावर माणसाच्या अंगावर आलं तरच बंदूक मिटवायची, आणि मिटवायच्या आधी मोठ्यानं म्हणायचं, "बंद!" तो शब्द कानावर पडला की पुढचे सगळे तिरंदाज जिथे असतील तिथे खाली बसणार, मान गुडघ्यात घालणार. कुणी वळून बघणार नाही, का म्हणून विचारणार नाही. म्हणजे नळीच्या रेषेत एकही माणूस उभा नाही. काम झालं की "उघडी!" मग सगळे उठणार.

मी सांगितलेलं आप्पांना पटलं नसतं, पण मला ती रीत तेव्हा फार मोठी वाटली होती. समोर डुक्कर येतंय आणि एका शब्दावर माणूस हातातला कामठा खाली घालून त्याच्यापुढे डोकं लपवतो. केवढ्या भरवशावर? आणि तो शब्द म्हणण्याचा हक्क एकाच माणसाला, ज्याच्या हातात बंदूक आहे त्याला.

मी तिथे येऊ का म्हणून कितीतरी हंगाम मागे लागलो होतो. आप्पा नाही म्हणायचे. "बघ्याचं काम नाही." पण त्या वर्षी माझे वडील गेले. मी घरातच बसून राहायला लागलो. सुट्टी संपली तरी मिलमध्ये जाईना, बायकोशी बोलेना. आप्पा एका सकाळी वर आले, माझ्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "तुना बाप ग्या. आते किती दिन घरमा बठशी? चल, ऊस दखाडस." माझी कीव आली म्हणून त्यांनी आपला नेम मोडला. दुसरं काहीही कारण नव्हतं.

सकाळ उजाडून उन्हं वर आली होती. मला त्यांनी आपल्या मागे, बांधावर, एका बाभळीशी उभं केलं. "हलू नको. बोलू नको. काही दिसलं तरी बोलू नको. मला दिसतंय." मी मान डोलावली. पुढे शेवटचा तुकडा, आमच्या खोलीएवढाच असेल नसेल. पलीकडून बाया कोयते आपटत, पाचट तुडवत येत होत्या. अलीकडे तिरंदाज, रायसिंग उजव्या टोकाला. मधे आप्पा, मोडलेली बंदूक हातात.

ऊस हलला. मग थांबला. बायांचे आवाज थांबले. त्या शांततेत पाचटाखाली काहीतरी श्वास घेत होतं, हे मला ऐकू येत होतं, किंवा मला तसं वाटत होतं. आप्पांची मान एकदा मागे वळली, मला बघून परत पुढे गेली.

तेवढ्यात डावीकडे, आप्पांच्या अगदी जवळ, पाचट फाटलं आणि काहीतरी काळं बाहेर झेपावलं.

मी ओरडलो, "बंद!"

मला दुसरा शब्दच आठवला नाही. पळा, आप्पा, बघा, काहीही म्हणता आलं असतं. पण सकाळपासून कानात तोच शब्द घोळत होता, तोच निघाला. आणि तो मोठ्यानं, स्पष्ट निघाला. जन्मात मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो नव्हतो.

तिरंदाज बसले. सगळे, एकदम, जसे बसायला शिकले होते तसे.

डावीकडचं काळं म्हणजे टोळीचा कुत्रा होता. डुक्कर निघालं उजवीकडून. रायसिंग मान गुडघ्यात घालून, कामठा खाली ठेवून बसला होता, ते थेट त्याच्या अंगावर गेलं. आप्पांनी बंदूक मिटवलीही, पण जनावर आणि माणूस एकाच ठिकाणी होते. त्यांनी गोळी झाडली नाही. धावत गेले आणि दस्त्यानं डुकराच्या तोंडावर मारलं, परत मारलं. डुक्कर बांध ओलांडून गेलं. रायसिंगची मांडी गुडघ्यापासून वर उघडली होती.

आणि आप्पांनी तेव्हाही आधी बंदूक मोडली, काडतुसं काढली, बंदूक खाली ठेवली, मगच गुडघ्यांवर बसून गमछ्यानं मांडी आवळली. मला त्यांचा राग आला. खरं सांगतो, स्वतःचा नाही, त्यांचा राग आला, की माणूस मरतोय आणि याला काडतुसं सुचतात.

नटुभाईंच्या ट्रॅक्टरमध्ये रायसिंगला चढवताना टोळीचा मुकादम पुढे आला. "आप्पा, कुत्रं होतं. तुम्ही बंद का म्हटलं?"

मी तोंड उघडलं होतं. उघडलं होतं एवढं नक्की. त्यातून शब्द निघाला असता की नाही ते मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कारण आप्पा लगेच म्हणाले, "चुकलं. मला डुक्कर वाटलं."

मुकादमानं आप्पांकडून नजर काढून घेतली. दवाखान्यात पोलीस आले तेव्हाही आप्पांनी तेच सांगितलं. मी बाजूला उभा होतो. मला हळूहळू सुटल्यासारखं वाटत गेलं. त्या सुटण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

रायसिंग वाचला. पाय मात्र गुडघ्यात वाकेना. तोडीचं काम वाकून करायचं असतं, ते संपलं. पुढच्या हंगामात टोळी आली ती आप्पांना न बोलावता. दुसरा कुणी बंदूकवाला आणला म्हणे. मिलमध्येही बोलणं पसरलं. ज्या टपरीवर चेष्टा चालायची तिथे आप्पा बंदूक मोडायला लागले की लोक गप्प होत. ते चेष्टेपेक्षा वाईट होतं. एके दिवशी त्यांनी बंदूक परवानाधारक दुकानदाराला रीतसर देऊन टाकली. त्यानंतर ते कोळशाच्या गेटवर हातात काठी घेऊन बसत. काठीचं टोकही खाली.

मी त्यांच्याशी त्या विषयावर बोलायला जायचो आणि दुसरंच बोलून यायचो. पाण्याची टाकी, सोसायटीची लिफ्ट. शेवटी त्यांनी सुरत सोडायचं ठरवलं, सामान बांधायला लागले, तेव्हा मात्र मी खाली गेलो. मावशी आत भांडी पोत्यात भरत होती.

"आप्पा, मी रायसिंगला सांगणार आहे."

ते दोरीला गाठ मारत होते. "काय?"

"मी ओरडलो म्हणून."

"तुझ्या हातात बंदूक होती?"

"नव्हती. म्हणूनच तर."

"मग तुझा आवाज कुठून आला?" त्यांनी गाठ ओढून बघितली. "मास्तर, तुला मी उभा केला. मागे कोण असावं हे मी ठरवलं. नेम मी मोडला. त्याच्यात तू कुठे येतोस?"

"पण तिकडे लोक तुम्हाला..."

"म्हणू दे. खरं शे ते."

"माझ्यानं राहवत नाही, आप्पा. मला झोप येत नाही."

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. आवाज न चढवता. "म्हणजे तुला झोप यावी म्हणून मी पोलिसांपुढे खोटा पडायचा?" मग दोरी बाजूला ठेवून म्हणाले, "टोळी परत चालली आहे. तिचा ट्रक माझ्या गावावरूनच जातो, मी त्यातच जाणार. तुला यायचं तर ये."

मावशी पुढे रेल्वेनं गेली. आम्ही दोघं चलथाणला टोळीच्या पडावावर गेलो. झोपड्या मोडून बांबू ट्रकमध्ये भरले जात होते. रायसिंग एका बाजेवर पाय लांब करून बसला होता. त्याच्या बायकोला मजुरी असायची, म्हणून तो त्या हंगामात सोबत आला होता, पोरं सांभाळायला. आप्पांना बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला. आप्पांनी हातानंच बस म्हटलं.

मी उभ्या उभ्या सांगितलं. सगळं. बाभूळ, कुत्रा, शब्द. सांगताना माझा आवाज एवढा बारीक झाला होता की रायसिंगला पुढे वाकावं लागलं. सांगून झाल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग आप्पांकडे वळला.

"आप्पा, बंद हा बोलला का तेव्हा?"

"नाही," आप्पा म्हणाले. "मी बोललो. याचा बाप गेला तेव्हापासून हा असंच काही काही डोक्यात घेतो."

रायसिंगनं मान हलवली. माझ्याकडे त्यानं ज्या नजरेनं बघितलं तीत राग नव्हता. कीव होती. बायकोला म्हणाला, मास्तरला पाणी दे. मी पाणी प्यालो. अजून एकदा सांगायला तोंड उघडलं, तर आप्पांनी माझ्याकडे बघितलं, आणि माझं तोंड मिटलं.

खरं सांगूनही काही झालं नाही. रायसिंगच्या लेखी आजही ते आप्पाच आहेत. तो जिवंत आहे, सातपुड्यात कुठेतरी, न वाकणाऱ्या पायानं. आप्पा आता नाहीत, त्यांना खोटं पाडणारं कुठलं पोलीस ठाणं उरलं नाही. म्हणून मी हे लिहितो आहे. झोपेसाठी नाही. झोप येत नाहीच.

त्या दिवशी दुपार कलली तेव्हा ट्रक निघायला तयार झाला. बाया, पोरं, कोंबड्यांची टोपली, सगळं वर चढलं. रायसिंगचा पाय फळीपर्यंत पोचेना. वरून दोघांनी हात धरले, खालून ढकलायला कुणी नव्हतं. मी पुढे झालो. पण आप्पा माझ्या आधी पोचले होते. ते ट्रकला पाठ लावून खाली वाकले, रायसिंगचा चांगला पाय आपल्या खांद्यावर ठेवून घेतला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून हळूहळू सरळ उभे राहिले. रायसिंग वरून म्हणत होता, "आप्पा, राहू द्या, राहू द्या." रायसिंग वर पोचला, तरी ते क्षणभर तसेच उभे राहिले, खांद्यावर त्याच्या टाचेची माती घेऊन. मग स्वतः वर चढले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.